दहावीच्या सुट्टीत विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत: मराठवाड्यातल्या मुलांसाठी संशोधनाची वाट, पायरीपायरीने

1984 पासून दर उन्हाळ्यात शाळकरी मुलांसाठी ‘रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूट’ भरते, आता ती अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात असते. मुदत सहा आठवडे, शिकवणीची आणि राहण्या-जेवणाची फी शून्य. पहिल्या आठवड्यात वर्ग, मग एका मार्गदर्शकाच्या हाताखाली एकाच प्रश्नावर काम, शेवटी लेख आणि सादरीकरण. मराठवाड्यातल्या विद्यापीठात अशीच जाहिरात निघेल आणि अर्ज भरता येईल, याची वाट पाहत बसलात तर दहावीची सुट्टी ‘फाउंडेशन बॅच’मध्ये संपलेली असेल. पण या कार्यक्रमाचा सांगाडा उचलता येतो. एक मार्गदर्शक, एक छोटा प्रश्न, ठरलेले दिवस आणि शेवटी लेखी अहवाल, एवढंच त्यात आहे. ते आपल्या जिल्ह्यात कसं जुळवायचं, हे इथे सांगितलं आहे. वाचणारे पालक असोत, शाळेतले विज्ञानाचे सर-मॅडम असोत की स्वतः विद्यार्थी, कामं तिघांनाही वाटून घ्यावी लागतील.

आधी तयार दरवाजे बघून घ्या

केंद्र सरकारच्या आणि संस्थांच्या काही योजना आहेतच. त्यातल्या बहुतेक ‘संशोधन’ नाहीत, ओळख करून देणाऱ्या आहेत. तरीही त्यांचा उपयोग आहे.

नववीत असाल तर इस्रोचा ‘युविका’. तो 2019 पासून सुरू आहे. अर्ज साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये ऑनलाइन निघतो आणि मे महिन्यात इस्रोच्या केंद्रांवर दोन आठवड्यांचं निवासी प्रशिक्षण होतं. निवडीत आठवीचे गुण, ऑनलाइन प्रश्नमंजूषा, विज्ञान प्रदर्शनातला सहभाग यांना भार असतो आणि ग्रामपंचायत हद्दीतल्या शाळेत शिकणाऱ्याला वेगळे गुण मिळतात. हा शेवटचा मुद्दा आपल्या मुलांच्या फायद्याचा, आणि नेमका तोच अर्जात सुटतो, कारण त्यासाठी मुख्याध्यापकांचा दाखला वेळेत लागतो. विज्ञान प्रदर्शनाची प्रमाणपत्रंही तालुका, जिल्हा, राज्य अशी लावून आधीच स्कॅन करून ठेवा.

अकरावी विज्ञानाला असाल आणि दहावीला बोर्डात वरच्या एक टक्क्यात असाल, तर केंद्राच्या ‘इन्स्पायर’ या विज्ञान-प्रोत्साहन योजनेचं पाच दिवसांचं शिबिर. ही शिबिरं विद्यापीठं आणि महाविद्यालयंच भरवतात. पाच दिवसांत संशोधन होत नाही. पण प्रयोगशाळा आतून दिसते आणि व्याख्यान संपल्यावर वक्त्याला गाठून दोन नेमके प्रश्न विचारता येतात. पुढे प्राध्यापकांना परवानगीसाठी जे पत्र लिहायचं, त्याची ओळख तिथूनच तयार होते.

मुलींसाठी ‘विज्ञान ज्योती’ आहे. नववी ते बारावीच्या मुलींसाठीचा हा कार्यक्रम 2019 मध्ये सुरू झाला आणि तो जवाहर नवोदय विद्यालयांमार्फत चालतो. सीएसआयआर या केंद्राच्या प्रयोगशाळा-परिषदेचा ‘जिज्ञासा’ 2017 पासून विद्यार्थ्यांना शास्त्रज्ञांशी जोडतो. आपल्याला त्यातली जवळची प्रयोगशाळा पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा. पुण्यातलं खगोलशास्त्राचं केंद्र, आयुका, उन्हाळ्यात शाळकरी मुलांना आठवडाभर शास्त्रज्ञांसोबत काम करू देतं, पण तो कार्यक्रम पुण्यातल्या शाळांभोवती बांधलेला आहे. मराठवाड्यातून जायचं तर 28 फेब्रुवारी, राष्ट्रीय विज्ञान दिन, हा दिवस धरा. त्या सुमारास आयुकाचे दरवाजे सगळ्यांना उघडे असतात आणि नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या आवारात शाळा-महाविद्यालयांचं विज्ञान प्रदर्शन भरतं.

विज्ञान ऑलिम्पियाडची पहिली परीक्षा नोव्हेंबरमध्ये असते. तो रस्ता वेगळा. तिथे प्रश्न दुसऱ्याने काढलेले असतात आणि उत्तरं ठरलेली असतात. बुद्धीचा कस लागतो, पण संशोधनाची सवय त्यातून लागेलच असं नाही.

दोन गैरसमज इथेच मिटवा. केव्हीपीवाय ही विज्ञान शिष्यवृत्तीची परीक्षा 2022 नंतर स्वतंत्र उरलेली नाही. ती ‘इन्स्पायर’मध्ये विलीन झाली. तरी शिकवण्यांच्या पत्रकांवर तिचं नाव अजून दिसतं. आणि तिन्ही विज्ञान अकादमींची उन्हाळी शिष्यवृत्ती पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी असते. बारावीपर्यंतच्या मुलांनी त्यात अर्ज करून वेळ घालवू नये.

वेळेचं गणित

सर्वात मोठी मोकळी जागा दहावीच्या लेखी परीक्षेनंतरची. परीक्षा मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत संपते आणि अकरावीचे वर्ग खऱ्या अर्थाने सुरू व्हायला निदान जून उजाडतो. हातात निदान दहा आठवडे. नववीनंतरची सुट्टीही चालते, फक्त ती लहान असते. अकरावीत दिवाळीची सुट्टी, तीही शिकवणीवाल्यांनी सोडली तर. बारावीत हा विषय काढूच नका.

विद्यापीठाचं वेळापत्रक मात्र याच्या उलट चालतं. एप्रिल-मेमध्ये सत्र परीक्षा, पेपर तपासणी, मग उन्हाळी सुट्टी. प्राध्यापक नेमके तेव्हाच सापडत नाहीत. प्रयोगशाळा उघडी असते ती पीएचडीच्या विद्यार्थ्यांमुळे. म्हणून क्रम असा ठेवा: जानेवारीत पत्र, फेब्रुवारीत प्रत्यक्ष भेट, बोर्डाच्या परीक्षेआधीच परवानगी हातात, आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सुरुवात. परीक्षा संपल्यावर पत्र पाठवायला घेतलं तर उत्तर येईपर्यंत मे उजाडतो, आणि मेमध्ये विभागाला कुलूप असतं.

कुठे जायचं

छत्रपती संभाजीनगरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ (स्थापना 1958) आणि शासकीय विज्ञान संस्था, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ (1994), परभणीला वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ (1972). धाराशिव आणि लातूरला उपपरिसर आहेत. मुलं आणि पालक थेट विद्यापीठाच्या मोठ्या इमारतीकडे धावतात. त्याआधी जिल्ह्यातल्या किंवा तालुक्यातल्या वरिष्ठ महाविद्यालयांकडे बघा. अनेक ठिकाणी मान्यताप्राप्त संशोधन केंद्र असतं. रोज सकाळी बसने जाऊन संध्याकाळी घरी येता येईल अशी साधी प्रयोगशाळा, वसतिगृह शोधावं लागणाऱ्या भारी प्रयोगशाळेपेक्षा बरी. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे मुलीसोबत आई जाणार असेल तर प्रवासाचा खर्चही आटोक्यात राहतो.

औंढा नागनाथजवळच्या ‘लायगो-इंडिया’बद्दल हिंगोलीकडची मुलं हमखास विचारतात. प्रत्येकी चार किलोमीटरच्या दोन भुजांची ती गुरुत्वीय लहरींची वेधशाळा. एप्रिल 2023 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला 2,600 कोटी रुपये मंजूर केले. तिथे जाऊन प्रकल्प करण्याचा विचार आत्ता सोडून द्या. पण अमेरिकेतल्या लायगोने टिपलेली माहिती सर्वांना खुली आहे आणि ती पायथन या संगणकभाषेत कशी वाचायची याचे पाठही विनामूल्य मिळतात. 14 सप्टेंबर 2015 च्या पहिल्या लहरीचा आलेख स्वतः काढणं, हे भौतिकशास्त्राच्या एखाद्या प्राध्यापकासोबत तीन आठवड्यांत होण्यासारखं काम आहे. लॅपटॉप आणि इंटरनेट, बाकी काही लागत नाही.

माणूस शोधायची पद्धत अशी. ‘विद्वान’ या इन्फ्लिबनेटच्या (विद्यापीठ ग्रंथालयांना जोडणारी संस्था) संकेतस्थळावर प्राध्यापकांची नावं, विषय आणि शोधनिबंध असतात. ‘शोधगंगा’वर पीएचडीचे प्रबंध पूर्ण वाचायला मिळतात. शेतीविषयक प्रबंधांसाठी ‘कृषिकोश’. तुमच्या विषयाचे दोन-तीन प्रबंध उघडा आणि त्यातलं फक्त ‘साहित्य आणि पद्धती’ हे प्रकरण वाचा. कोणतं उपकरण वापरलं, किती नमुने घेतले, किती दिवस लागले, हे सगळं तिथे असतं. सगळं कळणार नाही, कळायची गरजही नाही. विभागात कोणतं यंत्र आहे एवढं समजलं तरी पत्र नेमकं लिहिता येतं.

प्रश्न लहान करा

पहिली मोठी चूक इथे होते. ‘मराठवाड्यातील दुष्काळावर उपाय’, ‘कर्करोगावर कडुनिंब’, ‘सौरऊर्जेवर चालणारं गाव’ हे प्रश्न नव्हेत, भाषणाचे विषय आहेत. दुसरी चूक ‘वर्किंग मॉडेल’ची. बाजारातून आणलेला सेन्सर, थर्मोकोल आणि दिवे लावून केलेलं मॉडेल प्रदर्शनात बक्षीस घेतं. संशोधनात मात्र उत्तर आधी माहीत नसावं लागतं.

प्रश्नाला तीन चाळण्या लावा. एक, उत्तर आकड्यात मिळतं का? दोन, जी एकच गोष्ट बदलायची ती आपल्या हातात आहे का? तीन, सहा आठवड्यांत प्रयोग दोनदा करता येतो का? दोनदा यासाठी, की पहिल्यांदा तो फसतोच.

उदाहरण म्हणून सोयाबीन घेऊ. घरचं बियाणं वापरणारे शेतकरी विभागात भरपूर आहेत. सोयाबीनच्या बियाचं आवरण पातळ, आतला अंकुर आवरणाच्या लगेच खाली. त्यामुळे पोतं उंचावरून आपटलं की बी बाहेरून धडधाकट दिसतं आणि उगवत नाही. ‘पोती आपटू नका’ हा सल्ला सगळे देतात. पण किती उंचीवरून पडल्यावर उगवण किती घटते, हे आपल्या गावच्या बियाण्यावर मोजून बघितलेलं नसतं. झाला प्रश्न. उत्तर टक्क्यांत येतं, उंची आपल्या हातात आहे, आणि एक फेरी दोन आठवड्यांत संपते.

प्रयोगाची मांडणी

एकाच शेतकऱ्याचं, एकाच वाणाचं, एकाच पोत्यातलं बियाणं घ्या, सुमारे पाच किलो. दोन पोती मिसळली तर फरक उंचीचा की पोत्याचा, हे सांगता येणार नाही. बियाणं प्रक्रिया केलेलं नसावं. फुटके, किडके दाणे आधीच निवडून काढा आणि ते किती निघाले ते लिहून ठेवा.

चार गट करा: न टाकलेलं बी, एक मीटर, दोन मीटर आणि तीन मीटर. प्रत्येक गटात एक किलो बी कापडी पिशवीत भरून सिमेंटच्या फरशीवर पाच वेळा सोडायचं. फेकायचं नाही, हात सोडायचा. न टाकलेला गट नसेल तर बाकी सगळं व्यर्थ, कारण तुलना कशाशी करणार? पिशव्यांवर उंची लिहू नका. घरातल्या कुणाला तरी क, ख, ग, घ अशा चिठ्ठ्या लावायला सांगा आणि कोणती चिठ्ठी कोणत्या उंचीची ते पाकिटात बंद ठेवा. मोजणी संपेपर्यंत पाकीट उघडायचं नाही. तीन मीटरच्या गटात विकृत रोपं जास्त असणार हे आधीच माहीत असलं की डोळा तशीच मोजतो.

आता संख्या. गावाकडे 100 बिया ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण बघतात. पेरणीचा निर्णय घ्यायला ते पुरतं. प्रमाणित बियाण्याला किमान 70 टक्के उगवण लागते आणि तेवढं कळतं. संशोधनाला पुरत नाही, आणि का ते हिशेबाने बघा. खरी उगवण 80 टक्के असेल आणि तुम्ही 20 बिया लावल्या, तर निव्वळ योगायोगाने उत्तर 18 टक्के इकडे-तिकडे जाऊ शकतं. 100 बिया लावल्या तर 8 टक्के, 400 लावल्या तर 4 टक्के. बीज तपासणीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत 400 बियांचा आकडा आहे, तो उगीच नाही. आणि 400 लावूनही दोन गटांतला फरक सहा टक्क्यांच्या आत आला, तर ‘फरक आहे’ असं ठामपणे लिहिता येत नाही. हे आधीच वहीत लिहून ठेवा. निकाल आल्यावर मन बदलतं.

म्हणजे प्रत्येक गटाच्या 400 बिया, ओल्या उगवण कागदात गुंडाळलेल्या 50-50 च्या आठ गुंडाळ्या. चार गटांच्या मिळून 32 गुंडाळ्या आणि 1,600 बिया. वजनाने हे जेमतेम दोनशे ग्रॅम. उगवण कागद भिजवून हाताने पिळून घ्या. दाबल्यावर पाणी निथळत असेल तर बी कुजतं. बियांमध्ये अंतर ठेवा, गुंडाळी सैल बांधा, पेन्सिलने क्रमांक घाला (शाई ओल्या कागदावर फुटते) आणि उभ्या ठेवा.

तापमान 25 अंश. विद्यापीठाची गरज इथेच लागते. मे महिन्यात मराठवाड्यात घरात 38-40 अंश असतात, पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. घरी प्रयोग केला तर तुम्ही उंचीचा परिणाम मोजत नसून उन्हाचा मोजता. विभागातलं उगवण-कपाट किंवा इन्क्युबेटर, हीच तुमची मुख्य मागणी. त्यात कमाल-किमान तापमापी ठेवा. शनिवारी-रविवारी वीज गेली आणि कपाट 36 अंशांवर गेलं, तर सोमवारी तो कमाल आकडाच सांगेल. नाहीतर कारण कधीच कळणार नाही.

मोजणी पाचव्या आणि आठव्या दिवशी करायची. गुंडाळ्या बुधवारी लावा, म्हणजे पाचवा दिवस सोमवारी येतो आणि आठवा गुरुवारी. सोमवारी लावल्या तर पहिली मोजणी शनिवारी येते आणि किल्ली असलेला माणूस सापडत नाही. किरकोळ वाटतं, पण प्रयोग वाया जाण्याचं हे खरोखरचं कारण आहे. मोजताना सामान्य रोपं, विकृत रोपं, न उगवलेलं टणक बी आणि कुजलेलं बी असे चार रकाने ठेवा. नुसता मोड आला म्हणजे उगवलं असं धरू नका. मूळ, खोड आणि बीजपत्रं धड असतील तरच सामान्य. मोड तुटलेली, बीजपत्रावर आडव्या भेगा असलेली रोपं विकृतमध्ये जातात, आणि आपटलेल्या बियात नेमकी हीच वाढतात. पहिल्या दिवशी पीएचडीच्या ताई-दादांसोबत एक गुंडाळी दोघांनी वेगवेगळी मोजा. दोघांचे आकडे जुळेपर्यंत पुढची उघडू नका.

आवरणाचं नुकसान थेट दाखवणाऱ्या दोन जोडचाचण्या आहेत. पहिली सोपी, पण करायची शाळेच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांसमोर. 5 टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट एक भाग आणि पाणी नऊ भाग असं द्रावण करा, 100 बिया दहा मिनिटं बुडवा. ज्यांचं आवरण फाटलेलं असतं त्या फुगून दुप्पट-तिप्पट होतात. मोजा, झालं. हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा आणि हे द्रावण संडास साफ करायच्या आम्लाजवळही नेऊ नका. दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू सुटतो.

दुसरी चाचणी विद्युतवाहकतेची. फुटक्या आवरणातून क्षार पाण्यात झिरपतात आणि पाण्याची वाहकता वाढते. 50 बिया मोजून त्यांचं वजन घ्या, 250 मिलिलिटर आयनविरहित पाण्यात 20 अंशांवर 24 तास झाकून ठेवा, मग मीटरने वाहकता मोजा. अशा प्रत्येक गटाच्या चार बरण्या आणि नुसत्या पाण्याची एक. नुसत्या पाण्याचा आकडा वजा करून उरलेल्याला वजनाने भागायचं. उत्तर येतं मायक्रोसिमेन्स प्रति सेंटिमीटर प्रति ग्रॅम या एककात. फसतं कुठे? बोअरचं किंवा फिल्टरचं पाणी वापरलं की मूळ पाण्याचीच वाहकता शेकड्यांत असते आणि बियांचा परिणाम त्यात बुडून जातो. बरणी साबणाने धुऊन नीट खळबळली नाही तरी तेच. आणि उन्हाळ्यात फार वाळलेलं बी पाणी एकदम शोषून घेतं, त्या धक्क्यानेही आवरण फाटतं. म्हणून चारही गटांचा ओलावा सारखा आणि 10 ते 14 टक्क्यांच्या दरम्यान आहे ना, हे आधी ओव्हनमध्ये तपासून घ्या. ती पद्धत विभागातच शिका.

टेट्राझोलियमची चाचणी विभाग दाखवणार असेल तर नक्की बघा. या द्रावणात जिवंत पेशी लाल होतात आणि मेलेल्या पांढऱ्याच राहतात, त्यामुळे मार नेमका अंकुराला लागला की बीजपत्राला, हे डोळ्यांना दिसतं. पण रंग वाचायला सराव लागतो, म्हणून पहिल्या वर्षी तिचे आकडे अहवालात नसले तरी चालेल.

पत्र कसं लिहायचं

‘मला संशोधनाची आवड आहे, कृपया प्रोजेक्ट द्यावा’ या पत्राला उत्तर येत नाही. प्राध्यापकाला त्यातून नवं काम दिसतं. पत्रात तुमचा प्रश्न, तुम्ही आधी केलेलं काम, नेमकी मागणी आणि दिवस असावेत. एका पानात. मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का असलेली प्रत ईमेलला जोडा, आणि आठ दिवसांनी छापील प्रत घेऊन शिक्षकांसोबत स्वतः जा. नुसत्या ईमेलवर अवलंबून राहू नका. नमुना असा:

*मा. विभागप्रमुख, वनस्पतिशास्त्र विभाग, यांस,*

*विषय: उगवण-कपाट व वाहकता मापक 12 दिवस वापरण्याची परवानगी मिळणेबाबत.*

*महोदय/महोदया,*

*मी इयत्ता दहावीत शिकत आहे. उंचावरून पडल्याने सोयाबीन बियाण्याच्या उगवणीवर होणारा परिणाम मी मोजत आहे. शाळेत 100 बियांवर प्राथमिक चाचणी केली असून तिची नोंद सोबत जोडली आहे. खोलीचे तापमान स्थिर ठेवता न आल्याने निकाल खात्रीचे नाहीत.*

*दि. … ते दि. … या काळात 25 अंशांवरील उगवण-कपाटात 32 गुंडाळ्यांएवढी जागा, वाहकता मापक आणि आयनविरहित पाणी मिळाल्यास मुख्य प्रयोग पूर्ण करता येईल. बियाणे व कागद मी आणेन. आठवड्यातून एकदा 20 मिनिटे आपले किंवा आपल्या संशोधक विद्यार्थ्याचे मार्गदर्शन मिळावे, ही विनंती.*

*पालकांचे संमतिपत्र व शाळेचे पत्र सोबत आहे.*

*आपला/आपली विश्वासू*

पत्रातली ‘प्राथमिक चाचणी’ हा त्याचा कणा आहे. मुलाने आधीच काहीतरी केलंय आणि ते कुठे अडलंय, हे दिसलं की मदत करणं सोपं होतं. नकार आला तर ‘आपल्या माहितीत कोण हे करतं?’ एवढं विचारून निघा. बहुतेक वेळा दुसरं नाव मिळतं.

विभागात वागायचं कसं

सुती कपडे, पायात बंद बूट, केस बांधलेले, ॲप्रन स्वतःचा. यंत्र कुणी शिकवल्याशिवाय चालू करायचं नाही. बिघडलं तर लगेच सांगायचं. पीएचडीच्या विद्यार्थ्यांचा प्रबंध अडकलेला असतो. त्यांची वेळ मागून घ्या, त्यांच्या बाटल्यांना हात लावू नका. उलट अडचणही असते. दयाळू संशोधक तुमचं सगळं काम स्वतःच करून टाकतो. तसं होत असेल तर नम्रपणे ‘दादा, एक मी करून दाखवतो, चुकलं तर सांगा’ म्हणा. पुढे परीक्षक विचारतात ते हाताने केलेल्या कामाबद्दलच.

वही शिवलेली, पानांना क्रमांक घातलेली. पेनने लिहायचं, पान फाडायचं नाही, चूक एका रेघेने खोडायची म्हणजे खालचा आकडा वाचता येईल. रोज तारीख, वेळ, कपाटाचं तापमान, आणि काय बिनसलं ते. आकडे आधी कागदावर लिहून रात्री ‘छान अक्षरात’ वहीत उतरवायची सवय शाळेने लावलेली असते. ती इथे मोडा. डाग पडलेली वहीच खरी.

निकाल आणि पुढचे अर्ज

पाकीट उघडा. प्रत्येक गटाच्या आठ गुंडाळ्यांची सरासरी आणि प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत ते) काढा, आलेखावर त्रुटीच्या रेघा दाखवा. एका मीटरला काहीच फरक पडला नाही, तर तसं लिहा. तोही निकालच आहे, आणि शेतकऱ्याला उपयोगाचा. आकडा विचित्र आला म्हणून गुंडाळी वगळायची नाही. वगळलीच तर कारणासह लिहायचं.

अहवालाचा सारांश 250 शब्दांत बसवा, कारण आयसेफसारख्या शाळकरी मुलांच्या आंतरराष्ट्रीय विज्ञान स्पर्धेत तीच मर्यादा आहे. आयसेफला भारतातून ‘आयरिस’ राष्ट्रीय प्रदर्शनातून जातात. नववी ते बारावी, गटात जास्तीत जास्त तिघं. तिथे कागदपत्रं कडक असतात: संशोधन आराखड्यावर प्रयोगाआधीची तारीख लागते, आणि विद्यापीठात काम केलं असेल तर तिथल्या मार्गदर्शकाने प्रयोगानंतर भरायचा ‘फॉर्म 1सी’ लागतो. शेवटच्या दिवशीच त्यावर सही घेऊन टाका, नंतर माणूस बदली होतो किंवा बाहेरगावी असतो. जिवाणू वाढवणं, माणसांवर प्रश्नावली, रक्ताचे नमुने, प्राण्यांवर प्रयोग, यांना आधी मंजुरी लागते आणि जिवाणू घरी वाढवणं तर पूर्ण बाद. पहिल्या प्रकल्पात बी, पाणी, माती, प्रकाश यांतच राहिलेलं बरं.

शाळेमार्फत ‘इन्स्पायर-मानक’मध्ये कल्पना पाठवता येते, निवड झाली तर 10 हजार रुपये मिळतात. सीएसआयआरचा शालेय नवोपक्रम पुरस्कार 18 वर्षांखालच्यांसाठी आहे. विद्यापीठांची ‘आविष्कार’ स्पर्धा पदवीपासून पुढची, पण डिसेंबर-जानेवारीत तिची विद्यापीठ फेरी बघायला जरूर जा. चांगलं पोस्टर कसं असतं आणि पंधरा ओळींचं लेखन पोस्टरवर कुणीच का वाचत नाही, हे एका दिवसात कळतं. बारावीनंतर मूलभूत विज्ञान घेणार असाल तर ‘इन्स्पायर’ची उच्चशिक्षण शिष्यवृत्ती वर्षाला 80 हजारांची आहे, त्यातले 20 हजार उन्हाळी संशोधनासाठी असतात.

एका गोष्टीपासून लांब राहा. चार-पाच हजार रुपये घेऊन आठवड्यात ‘आंतरराष्ट्रीय जर्नल’मध्ये लेख छापून देणारे आणि मोठी फी घेऊन ‘परदेशी प्राध्यापकासोबत संशोधन’ विकणारे समाजमाध्यमांवर भरपूर आहेत. छापण्याआधी लेख कुणी तपासला, त्याने काय दुरुस्त्या सुचवल्या, एवढं विचारा. उत्तर मिळत नाही.

मे संपायच्या आत अहवालाच्या चार प्रती काढा. एक विभागाला, एक शाळेला, एक स्वतःकडे वहीसोबत. चौथी प्रत एका पानाची, मराठीत, आलेखासह, ज्यांनी पाच किलो बियाणं दिलं त्या शेतकऱ्याला आणि गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहायक). पेरणीला 75 ते 100 मिलिमीटर पाऊस लागतो, म्हणजे मृगाच्या आधी ते पान त्यांच्या हातात पडलं पाहिजे. पोती ट्रॉलीतून उतरवायची ती त्याच आठवड्यात.